नकुशीचं इंग्रजी वाचन

दौंड, ४ जानेवारी १९५९

भिमाजी आबा शेवटी कबूल झाले. मनापासून नाही, पण झाले.

नकुशी माझ्या पहिल्या वर्गातली विद्यार्थिनी. घरची गुरं आणि धाकटी भावंडं सांभाळण्यात मधली तीन वर्षं तिची शाळा सुटली होती. त्यामुळे गेल्या जूनमध्ये मॅट्रिक झाली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आता मुलगी नको म्हणून ठेवलेलं हे नाव ती इतकं मोठ्यानं सांगते की ऐकणाराच ओशाळतो.

दिवाळीच्या सुमारास तिची थोरली बहीण मुक्ता बाळंतपणात गेली. बाळही गेलं. मागे दोन वर्षांची गिता आणि मुक्ताचा नवरा पोपटराव. तो इथे दौंडच्या रेल्वे यार्डात डबे जोडायच्या कामावर, शंटर आहे. वैशाखात नकुशीला त्यालाच द्यायची, असं घरच्यांनी ठरवून टाकलं आहे. लेकराला सावत्र आई येण्यापेक्षा मावशीच आई झालेली बरी, असं तिची आई कुशाबाई म्हणते. या भागात सगळेच असं करतात.

नकुशीला मात्र नर्स व्हायचं आहे. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात तीन वर्षांचं शिक्षण मिळतं, राहणं-जेवण तिथेच. एप्रिलमध्ये मुलाखत असते. आज मी खुटबावला जाऊन तिच्या वडिलांशी, आबांशी, दुपारभर वाद घातला.

"बाई, तुमी शिकल्याल्या. तुमचं आयकतो," ते म्हणाले. "निवड झाली तर जाऊ द्या तिला. न्हाई झाली तर वैशाखात अक्षता. मंग मधी पडायचं न्हाई."

मी शब्द दिला.

खुटबावहून रोज येणं-जाणं शक्य नव्हतं. त्यावर मीच तोडगा काढला. तिनं पोपटरावांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहावं. त्यांची आई दगडाबाई घरात आहेत. गिताला मावशी मिळेल आणि संध्याकाळी नकुशी माझ्याकडे अभ्यासाला येईल. आबांना ते लगेच पटलं. नकुशी चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा जाळ सारू लागली. आनंदानं बोलणं सुचलं नसावं.

११ जानेवारी

केडगावची एक मुलगी गेल्या वर्षी याच मुलाखतीतून परत आली. उतारा वाचताना तिनं गुडघ्याला 'क्नी' आणि मनगटाला 'व्रिस्ट' म्हटलं. समोरची मंडळी हसली आणि तिला पुढे वाचताच येईना.

मला तिचं दुःख कळतं. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मी 'डाउट'ला 'डब्ट' म्हटलं होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्या गावाच्या नावानं "शिरूर!" असं ओरडलं आणि सगळा वर्ग हसला. अब्बांनी दुसऱ्यांचे कपडे शिवून मला तिथवर पोचवलं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं दारही पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी शब्दकोश उशाशी घेऊन झोपायचे. नकुशीला मी कुणाला असं हसू देणार नाही. लिहायची पण उच्चारायची नाहीत अशी अक्षरं असलेले सगळे शब्द, विशेषतः शरीराचे आणि आजारांचे, तिच्याकडून घोटून घ्यायचं ठरवलं आहे.

आज पहिला पाठ झाला. नकुशी चिडली.

"बोलायचं न्हाई तर लिव्हायचं कशाला, बाई? साहेबाला शाई जड झाली व्हती व्हय?"

मी सांगितलं की पूर्वी ही अक्षरं उच्चारत असत. जिभेनं ती सोडली, पण लिहिणाऱ्यांनी सोडली नाहीत.

"म्हंजी आमच्या खुटबावागत! टेसन हाय, पाटी हाय, मास्तर झेंडा बी दावतो, आन् मेल काय थांबत न्हाई."

स्वयंपाकघरात सुलतानबी खाला पदर तोंडाला लावून हसत होती. मी इथे तिच्याकडेच राहते. ती माझ्या आईची बहीण. खालूंच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, माघारी एकटी आहे, आणि माझ्यापेक्षा तिलाच नकुशी जास्त आवडते.

२६ जानेवारी

झेंडावंदनाहून येताना पोपटरावांच्या क्वार्टरवर गेले. माणूस फार अदबीचा. मला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले.

"शिकवा बाई, शिकवा. आमची काय हरकत नाही. मुक्ताला शिकायचं राहिलं, हिला तरी शिकू दे."

ठरलेलं लग्न मोडू शकतं हे माहीत असून असं बोलणारा माणूस या भागात मी पाहिला नव्हता. यार्डातल्या कुणा साहेबाकडून आणलेली जुनी इंग्रजी मासिकं त्यांनी माझ्यापुढे ठेवली. गिता नकुशीच्या कडेवरून उतरतच नव्हती. परत येताना मला वाटलं, माणसं बदलतात, फक्त कुणीतरी पुढे होऊन बोलायला हवं.

१५ फेब्रुवारी

तिची प्रगती मोठी आहे. ती वाचताना न उच्चारायच्या अक्षरावर करंगळी ठेवते. 'थम'च्या बीवर, 'मसल'च्या सीवर, 'पाम'च्या एलवर. न्यूमोनियाच्या पीवर करंगळी ठेवून म्हणाली, "ह्यो तर पयल्याच पायरीला गप!"

नर्सिंगच्या पुस्तकात आज एक शब्द आला तो मी गाळला. त्यातही शेवटचा बी बोलायचा नसतो. नकुशीनं बोट ठेवून अर्थ विचारला. मी म्हटलं, पुढे तुला शिकवतीलच. नंतर स्वतःचाच राग आला. नर्स होणाऱ्या मुलीला गर्भाशयाचं नाव सांगायला शिक्षिकेनं लाजायचं? पण जीभ रेटलीच नाही.

दगडाबाई लेकीच्या बाळंतपणाला कारेगावला गेल्या आहेत. घरचं सगळं नकुशीवर पडलं आहे. तरी ती एक दिवस चुकवत नाही.

२२ फेब्रुवारी

आज अभ्यास संपला तरी नकुशी उठेना. दोनदा चप्पल घातली आणि दोनदा काढली. मग म्हणाली,

"बाई, रातच्याला तुमच्यातच झोपू का? या आठवड्यात दाजींची रातपाळी न्हाई."

मी विचारलं, "आणि गिता?"

"तिला बी आनते. गप पडून ऱ्हाईल ती."

मला तिची अडचण कळली. पोपटराव घरी असले की त्यांचे यार्डातले दोस्त येणार, चहा, गप्पा, अभ्यास कसा होणार? पण मी नाही म्हटलं. हिंदू मुलगी मुसलमानाच्या घरी रात्री राहिली हे खुटबावात कळलं तर आबा दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन जातील, आणि सगळे श्रम वाया. आमच्याकडे चहा पिते हेसुद्धा ती घरी सांगत नाही. शिवाय घरच्या गोंधळात अभ्यास करायची सवय हवीच. मी स्वतः अब्बांच्या शिवणयंत्राच्या आवाजात बीए केलं आहे. हे सगळं मी तिला नीट समजावून सांगितलं. ती "व्हय बाई" म्हणाली आणि गेली.

२३ फेब्रुवारी

खाला सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. शेवटी म्हणाली, "सोने देना था गे. एक चटई डाल देती मैं."

मी म्हटलं, "लोग क्या बोलेंगे, खाला?"

"लोगां कब नहीं बोलते?"

तिला याचे परिणाम कळत नाहीत. तरी आज शाळेत फळ्यावर लिहिताना मध्येच हात थांबला. मी घाबरले म्हणून नाही म्हटलं, की नकुशीच्या भल्यासाठी? दोन्ही असेल. समतेवर भाषण देणं सोपं आहे. चटई घालणं अवघड.

१४ मार्च

रोजे सुरू झाले. नकुशी रोजा सोडायच्या वेळेआधी येते आणि अंधार पडायच्या आत जाते. खाला तिच्या ओच्यात खजूर घालते.

उच्चार आता इतके शुद्ध आहेत की डोळे मिटले तर कॉन्व्हेंटमधली मुलगी वाचते आहे असं वाटावं. पण तिचं हसणं गेलं. विनोद करत नाही, भांडत नाही. मी याला गांभीर्य समजते. मुलाखत जवळ आली की मीही अशीच व्हायचे.

मुलाखतीनंतर वैद्यकीय तपासणी असते असं आज मी सांगितलं. तिनं विचारलं, "त्यात काय काय बगत्यात?"

"डोळे, दात, छाती. घाबरायचं काय त्यात? तू तर धडधाकट आहेस."

तिनं पुस्तक मिटलं. मी रागावले. अजून अर्धा पाठ राहिला होता.

२ एप्रिल

संध्याकाळी खाला रोजा सोडायला भजी तळत होती. तेलाचा वास आला आणि नकुशी पळत मोरीवर गेली. बराच वेळ ओकत होती. हल्ली ती नीट जेवत नाही, जागरणंही करत असणार. तिला मी सक्तीनं दूध प्यायला लावलं.

खालानं तिला आत नेलं आणि हळू आवाजात काही विचारलं. नकुशीचा आवाज मुळीच आला नाही. ती गेल्यावर खाला मला म्हणाली, "तू कुछ पूछी क्या उसको?"

"क्या पूछना?"

खालानं कढई उतरवली आणि म्हणाली, "तू पढ़ा. पढ़ा बेटा." मला ते लागलं. घरात शिकलेली मी एकटी, आणि माझ्याच शिकण्याला नावं ठेवतात.

शिरूर, १० एप्रिल

ईद. अब्बांनी माझ्यासाठी पांढऱ्या वॉयलचं पोलकं शिवून ठेवलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "हमारी खुर्शिद एक किसान की लड़की को नर्स बना रही है." मी मान खाली घातली, पण खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

दौंड, २० एप्रिल

नीट लिहायचा प्रयत्न करते.

सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही दोघी पुण्याला गेलो. मुलाखतीच्या खोलीला वर जाळी होती, बाहेर सगळं ऐकू येत होतं. उतारा जणू मीच निवडून दिला असावा असा निघाला. नर्स गुडघे टेकून बसते, रोग्याचं मनगट धरते, छातीला कान लावून ऐकते. नकुशी एकाही अक्षराला अडखळली नाही. आत कुणीतरी इंग्रजीत विचारलं, तुला कोणी शिकवलं? तिनं माझं नाव सांगितलं. मी बाहेर बाकावर रडले.

मग तपासणी. बाकीच्या मुली लवकर लवकर बाहेर येत होत्या. नकुशी आली नाही. परिचारिकेनं मलाच आत बोलावलं. बाई डॉक्टर उभ्या होत्या.

"तुम्ही हिच्या कोण?"

"शिक्षिका."

"तिसरा महिना चालू आहे. घरच्यांना सांगा. मुलगी हुशार आहे, मला वाईट वाटतं. पण घेता येणार नाही."

नकुशी भिंतीकडे तोंड करून साडीच्या निऱ्या सारख्या करत होती.

परतीच्या गाडीत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. खुटबाव आलं. मी म्हटलं, "उतर. घरी जा." ती उतरली. मी उतरले नाही.

२१ एप्रिल

शाळेत गेले नाही.

तीन महिने मी हिच्यासाठी माझ्या संध्याकाळी दिल्या, आणि ही कुणाच्या नादी लागली होती? यार्डातला कुणी पोरगा असेल. दगडाबाई नव्हत्या, पोपटराव ड्युटीवर, मोकळं रान मिळालं. मला एका शब्दानं बोलली नाही. आबांना मी काय तोंड दाखवू? उद्या दुसऱ्या कुठल्या मुलीसाठी दारात गेले तर लोक हिचंच नाव घेतील.

खालाला सांगितलं. तिनं पदर तोंडावर घेतला. "मैं पूछी थी, बोली नहीं," एवढंच म्हणाली. रात्री जेवली नाही. तेव्हापासून तिचं सगळं माझ्यावर रागावल्यासारखंच आहे. जणू मीच काही केलं.

२८ एप्रिल

आज धीर करून खुटबावला गेले. आबा गोठ्यापुढे बसले होते. मला वाटलं होतं, हाकलून देतील. त्यांनी पाणी मागवलं.

"झालं ते झालं. तुमचा बी काय दोस न्हाई. येत्या इतवारी उरकून टाकतोय."

"कुणाशी?"

"पोपटरावाशीच. ठरल्यालंच हाय की ते."

मला भरून आलं. असल्या अवस्थेतल्या मुलीला पदरात घ्यायचं, तेही सगळं माहीत असून. मी तसं बोलूनही दाखवलं, की असं मोठं मन फार थोड्यांचं असतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. विडी पेटवायला तीन काड्या लागल्या. आत कुशाबाई भांडी आपटत होती.

नकुशीला भेटायचं म्हटलं तर नको म्हणाले. पाळत ठेवतात वाटतं तिच्यावर. तेही बरोबरच म्हणायचं.

३ मे

लग्नाला गेले. हळदीच्या आधी कुशाबाईनं मला दोन मिनिटं आत जाऊ दिलं. नकुशी धान्याच्या कणगीला टेकून बसली होती. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "पोपटराव चांगला माणूस आहे. आता मागचं सगळं विसर. पण मला एकदा तरी सांगायचं होतंस, कोण होता तो."

तिनं डोळे वर केले. आवाजात राग नव्हता, हे मला अजून सोसत नाही.

"बाई, रातच्याला तुमच्यात झोपू का म्हनून इचारलं व्हतं मी."

"ते अभ्यासासाठी."

"अभ्यास दिवसाउजेडीच व्हायचा की."

बाहेर ताशा वाजू लागला होता.

तशीच बाहेर येऊन आबांना मांडवामागे गाठलं. काय बोलले ते आता आठवत नाही, पण बोलले. पोपटरावांचं नाव घेतलं, लग्न थांबवा म्हटलं, ती माझ्याकडे राहील म्हटलं. आता म्हटलं!

आबा हळू आवाजात बोलले. "वरडू नगासा. म्हाईत हाय मला. म्हनून तर त्यालाच देतोय."

"पण आबा, त्यानं—"

"मंग कुनाला देऊ, बाई? तुमी सांगा. कोन घेईल?"

त्यांनी माझ्या हातात अक्षता दिल्या आणि पुढे गेले. भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं. सगळ्यांनी टाकल्या तेव्हा मीही टाकल्या.

११ मे

शाळेला सुटी लागली. शिरूरला जायचं म्हणून ट्रंक भरत होते, तेवढ्यात पोपटराव आले. पांढरा सदरा, नवी टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. पूर्वीइतकेच अदबीनं दारात उभे राहिले.

"तोंड गोड करा, बाई. तुमच्यामुळंच जमलं सगळं."

मी विचारलं, "नकुशी कशी आहे?"

"बरी आहे. कामाला लागली. आता नाव बदललं तिचं, मुक्ताच ठेवलं. गिताला सोपं जातं." मग हसून म्हणाले, "गिता मोठी झाली की तिला तुमच्याच हाताखाली घालायची. इंग्लिश पक्कं पाहिजे."

मनात मी काय काय म्हटलं ते इथेही लिहवत नाही. समोरच्या क्वार्टरमधून दोघी-तिघी बघत होत्या. ते पेढा पुढे करून उभे होते, हात मागे घेत नव्हते. खाला आतून धावत आली, "मत ले, खुर्शिद," म्हणाली, पण तोवर मी हात पुढे केला होता.

त्यांच्यासमोरच मी तो तोंडात घातला. ते जाईपर्यंत चावत राहिले.